फळ्याची खबरबात: लॉकियरसाहेब आलेच नव्हते

मंडळी, आज माझ्या झेरॉक्सच्या दुकानाबाहेरचा फळा मी माझ्या हातानं पुसला. पावसानं पुसला तर मला काही वाटत नाही, तो चार महिने पुसतच असतो. पण फळ्यावर लावायच्या माहितीच्या चिठ्ठ्यांचा माझा जो डबा आहे, त्यातली ही सगळ्यात जुनी, सगळ्यात लाडकी. दर वर्षी ऑगस्टच्या मध्याला दुकानाबाहेर मोठ्या अक्षरात लागायची: "हेलियमचा शोध आपल्या विजयदुर्गावर लागला. १८ ऑगस्ट १८६८. नॉर्मन लॉकियर." लॉकियर म्हणजे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ. देवगडची एसटी लागेपर्यंत लोक वाचायचे, फोटो काढायचे. मुंबईचे पावणे तर फळ्याबरोबर स्वतःचाही काढायचे.

ती चिठ्ठी ओली निघाली. सहा वर्षं मी तिला सुकी समजून बसले होते.

नव्यानं आलेल्यांसाठी एवढंच की नुसती कानावर आलेली ती ओली चिठ्ठी आणि दोन वेगळी उन्हं, म्हणजे दोन स्वतंत्र पुरावे, खाल्लेली ती सुकी. वेगळी म्हणजे वेगळीच. एकाच सूर्याची दोन कवडशी पडली तर ती दोन उन्हं होत नाहीत, हे मीच इथे तुम्हाला दहा वेळा ऐकवलंय. आणि माझ्या हेलियमच्या चिठ्ठीला उन्हं म्हणून दाखवलेली सगळी कात्रणं एकमेकांवरूनच उतरवलेली होती. आता हसा.

पकडलं भाच्यानं. नववीत आहे, सुट्टीला आलाय, लॅमिनेशन करत बसला होता. सहज म्हणाला, "मावशी, हा लॉकियर ऑगस्टात आपल्याकडे होता, तर वीस ऑक्टोबरला इंग्लंडात दुर्बिणीला वर्णपटमापक (उजेडातले रंग फोडून दाखवणारं यंत्र) लावून कसा बसला?" मी म्हटलं, बोटीनं गेला असेल. तो म्हणाला, "सुएझ कालवा १८६९ला उघडला." मी गप्प. (कालवा नसतानाही मधला तुकडा रेल्वेनं पार करून महिन्याभरात पोचता यायचं, हे मला रात्री अंथरुणात आठवलं. भांडणातलं उत्तर नेहमी रात्रीच आठवतं.)

पण पोरगा बरोबरच होता, कारण वेगळं असलं तरी. पुढचे चार दिवस दुकानात कमी आणि यात जास्त गेले. जे पक्कं हाताला लागलं ते असं.

१८ ऑगस्ट १८६८चं खग्रास ग्रहण आपल्याकडून गेलं यात शंका नाही. शाळेचा नकाशा काढून पट्टी ठेवा. जमखंडी, विजापूर, गुंटूर, मछलीपट्टण ही सगळी जवळजवळ एका ओळीत येतात आणि ती ओळ पश्चिमेला ओढली की पट्टी येऊन विजयदुर्गाला टेकते. माणसंही बसली होती या ओळीवर. फ्रान्सचा जान्सेन गुंटूरला, मद्रास वेधशाळेचा पॉगसन मछलीपट्टणला, आणि आपल्या पटवर्धनांच्या जमखंडीत लेफ्टनंट जॉन हर्शेल, म्हणजे १७८१ साली युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू! ढगांतून मिळालेल्या फटीत त्यानं सूर्याच्या ज्वालांच्या तेजस्वी रेषा पाहिल्या.

लॉकियर या यादीत नाही. तो इंग्लंडात आपल्या नव्या यंत्राची वाट बघत होता. ते हातात आलं ऑक्टोबरात, आणि २० तारखेला त्यानं ग्रहणबिहण काही नसताना भर उजेडात त्याच ज्वालांचा वर्णपट पकडला. जान्सेननं तीच युक्ती गुंटूरला ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी साधली होती, पण त्याचं पत्र पोचेपर्यंत दोन महिने उलटले होते. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीपुढे आली एकाच दिवशी! फ्रेंचांनी मग भांडण न लावता एकाच पदकावर दोघांचे चेहरे कोरले. आपल्याकडे एका बांधाच्या दोन मालकांना हे कुणी सुचवावं.

वर्णपटात प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या जागी असतात. लॉकियरच्या वर्णपटात एक पिवळी रेष होती, ५८७.६ नॅनोमीटर तरंगलांबीवरची. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ५८९च्या आसपास असतात. म्हणजे शेजार इतका लागून की बाकीच्यांनी तिला सोडियमच धरलं असतं तर दोष देता आला नसता. त्यानं नाही धरलं. हे काहीतरी सूर्यातलं वेगळंच आहे म्हणाला, आणि ग्रीक 'हेलिओस'वरून हेलियम नाव पडलं. पृथ्वीवर तो वायू हाती लागायला १८९५ उजाडलं. लंडनमध्ये विल्यम रॅम्झी युरेनियमच्या एका खनिजावर आम्ल ओतून अरगॉन शोधत होता, निघाला हेलियम.

मग आमचा साहेब विजयदुर्गावर आला कुठून? याचं उत्तर मिळालं तेव्हा मी गल्ल्यावर हात आपटला. लॉकियर ग्रहण बघायला हिंदुस्थानात खरोखरच आला होता, पण १८७१च्या डिसेंबरात. बसला होता बेकलच्या किल्ल्यावर. बेकल आज केरळात, कासरगोडजवळ. म्हणजे पश्चिम किनारा, समुद्रात घुसलेला किल्ला, खग्रास ग्रहण आणि लॉकियर, सगळं जुळतं. फक्त किल्ला चुकला आणि साल चुकलं. दोन ग्रहणांची एक गोष्ट झाली असावी, हा माझा तर्क. तो ओल्या रकान्यात ठेवलाय, घाई नाही.

विजयदुर्गावरच्या 'साहेबाच्या ओट्यां'बद्दल (लॉकियर ज्यांवर बसून ग्रहण बघत होता म्हणतात ते) मी काही बोलत नाहीये. ओटे आहेत, त्यावर कुणी ना कुणी साहेब बसलाही असेल. तो लॉकियर नव्हता, एवढंच.

आता लोक. शेजारच्या चहावाल्या दादांना सांगितलं तर त्यांनी किटली खाली ठेवली. "ताई, तुमका दुसरा काय गावला नाय? पर्यटक येतत ते काय तुमच्या झेरॉक्सासाठी?" रिक्षावाले मात्र माझ्या बाजूनं. त्यातल्या एकानं जे विचारलं ते मला सहा वर्षांत सुचलं नव्हतं: "आगस्टात आमकाच सूर्य दिसणा नाय, साहेबाक खंयसून दिसतलो?" हे एक ऊन धरायला हरकत नाही. निवृत्त सर आले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी वर्गात..." पुढे बोलले नाहीत. एक कोरा फुलस्केप घेऊन गेले. पैसे द्यायला विसरले, मीही मागितले नाहीत.

खरं तर फळ्यावर 'हे खोटं आहे' असं लिहून मोकळी होणार होते. पण याच शोधात सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा, राजा सापडला आणि बेत बदलला. राजा मोंगकुट. त्याला खगोलशास्त्राचं वेड. याच ग्रहणाचं गणित त्यानं स्वतः मांडलं, परदेशी पाहुणे बोलावले आणि दलदलीच्या किनाऱ्यावर तंबू ठोकले. ग्रहण गणिताबरहुकूम लागलं. सयामच्या आखातात ते सगळ्यात लांबलं होतं, कमाल खग्रास ६ मिनिटं ४७ सेकंद. राजा खूश होऊन घरी गेला आणि १ ऑक्टोबरला मलेरियानं वारला. मुलगा चुलालोंगकोर्नही आजारी पडला होता, तो वाचला आणि पुढे राजा झाला.

हे मी मागच्या दारच्या आजींना वाचून दाखवलं. त्या कुळीथ निवडत होत्या. "गिराण बघूक गेलो आणि मेलो. मिया सांगलंय तेव्हा तुम्ही हसलास." म्हटलं, आजी, तो डासानं मेला, ग्रहणानं नव्हे. आजींनी सूप झटकलं. "मगो डास खंय चावलो? गिराणातच मां?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. या महिन्याची सर्वोत्तम प्रतिक्रिया म्हणून पोस्टकार्डावर उतरवून घेतलीय.

पोस्टकार्डावरून आठवलं, मागे कुणीतरी विचारलं होतं की चिठ्ठ्यांना कुठली कार्डं वापरावीत. ऑनलाइन मागवलेली ती गुळगुळीत महागडी कार्डं घेऊ नका. माझ्या शंभरातल्या साठांना जुलैतच बुरशी आली आणि विकणारा म्हणतो, हवामानाची जबाबदारी आमची नाही. सरळ पोस्टात जा. पन्नास पैशांत कार्ड मिळतं, जाड असतं, आणि मागे पत्त्याच्या जागी उन्हं लिहायला आयत्या रेघा. डब्यात कळीच्या चुन्याची पुरचुंडी ठेवा, बोट लावू नका. खडू बिनधुळीचा नको, दमट हवेत तो फळ्यावर लिहीत नाही, घसरतो. साधा खडू चुलीशेजारी ठेवून वापरते.

या महिन्यातल्या सुक्या चिठ्ठ्या पटकन. माकुलाला तीन हृदयं असतात आणि रक्त निळं, कारण लोहाऐवजी तांबं. मासळीबाजारात सांगितलं तर मावशी म्हणाली, "तीन काळजां? मगे दर वाढवूक होयो." दुसरी, फॅक्सच्या पूर्वजाचं पेटंट अलेक्झांडर बेन या घड्याळजीनं १८४३ला घेतलं, म्हणजे बोरीबंदर-ठाणे गाडीच्या दहा वर्षं आधी. यावर स्टँडवर एकच वाक्य आलं: "आणि आमच्याकडे गाडी ९८ला पोचली, फॅक्स मेल्यावर."

खिचडीची चिठ्ठी अपेक्षेपेक्षा पेटली. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो, शेंगदाणा, बटाटा, मिरची, चारही मूळचे अमेरिका खंडातले. एकादशीच्या सकाळी लावली, ही माझी चूक. दुपारपर्यंत तीन बायका रागावल्या, एकीनं विचारलं की मग वऱ्याचे तांदूळ चालतील ना, आणि दादांनी त्या दिवशीची खिचडी 'फॉरेनची' म्हणून पाच रुपये वाढवून विकली.

परत हेलियमवर येते, कारण लिहिता लिहिता भाच्यानं नवीन खूळ काढलंय. फुटक्या सीडीचा तुकडा आणि अगरबत्तीचं खोकं, टोकाला ब्लेडनं पाडलेली बारीक फट. दादांच्या शेगडीवर चिमूटभर मीठ टाकलं की ज्योत पिवळीधमक होते, आणि खोक्यातून बघितलं तर अंधारात एकच पिवळी रेघ. ती सोडियमची. दोन रेषा वेगळ्या दिसायला आमच्या अगरबत्तीची ताकद पुरत नाही. पण लॉकियरची रेघ हिला जवळजवळ चिकटून होती, आणि ती वेगळी म्हणायला केवढी नजर लागली असेल, हे खोक्याला डोळा लावल्याशिवाय कळत नाही. सूर्याकडे खोकं रोखायचं नाही असं दोघांनाही बजावलंय, भाच्याला आणि दादांना.

म्हणून आता बेत असा. राजाची चिठ्ठी सप्टेंबरात. जमखंडीला स्वतंत्र फळा. आणि १८ तारखेला मिठाची ज्योत, शिवाय हे कोडं: निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन या भावंडांत हेलियम एकटाच 'इयम'वाला कसा? लॉकियरला तो सोडियमसारखा धातू वाटला, म्हणून. वायू निघाला, पण नाव तेच राहिलं.

१७ तारखेची भर: संध्याकाळी फळा लिहिला. "१८ ऑगस्ट १८६८. ग्रहण आपल्याकडूनच गेलं. लॉकियर मात्र तेव्हा इंग्लंडात होता. त्यानं काय पाहिलं, ते उद्या दहा वाजता शेगडीवर बघा." शटर ओढून घरी गेले. रात्री मेणबत्ती आणायला परत आले, तर खाली माझ्याच खडूनं, दादांच्या अक्षरात एक ओळ जास्त होती.

"ओटे मात्र जाग्यावर असत. बघून येवा. येताना च्या गरम मिळतलो."