बशीचा आकडा : परसातल्या तळ्याचे आठ महिने

आज २१ सप्टेंबर. सकाळी साडेआठला, पाणी किती नितळ आहे ते मोजायची बशी तळ्याच्या तळाला टेकली, तरी तिच्या काठाची निळी रेघ वरून स्पष्ट दिसत होती. म्हणजे पुरते ७५ सेंटिमीटर. फेब्रुवारीत हीच बशी १४ सेंटिमीटरवर दिसेनाशी व्हायची. मधल्या आठ महिन्यांत काय केलं, काय चुकलं आणि कशाचा खरोखर उपयोग झाला, ते वहीतून उतरवून काढते आहे. पुण्यात ज्यांच्या तळ्याचं पाणी दर उन्हाळ्यात हिरवं होतं त्यांच्या कामी यावं.

आधी तळ्याबद्दल. सहकारनगर, बंगल्यामागचं परस. दहा फूट बाय सहा फूट, सरासरी दोन फूट खोल, मधोमध अडीच. पाणी साधारण ३,४०० लिटर. आत शेततळ्याला घालतात तो ५०० मायक्रॉनचा कागद. नऊ गोल्डफिश, आणि डासांसाठी सोडलेले गप्पी, जे आता मोजण्यापलीकडे गेलेत. सकाळी दहापासून तीनपर्यंत थेट ऊन. शेजारच्यांचा सोनमोहर कुंपणावरून अर्धा आमच्याकडे झुकलेला.

बशीचं सांगायला हवं, कारण सगळी नोंद तिच्यावर उभी आहे. कप फुटून एकटी उरलेली पांढरी बशी जुन्या पीव्हीसी पाइपच्या टोकाला बसवली आणि पाइपवर दर सेंटिमीटरला खूण केली. पाइप पाण्यात सोडायचा, बशी दिसेनाशी झाली की खूण वाचायची. कल्पना माझी नाही. अँजेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली होती. आजही तलावांवर काम करणारे तेच करतात. आपल्याला वाटतं तळं रोज बघतोय म्हणजे फरक कळतो. नाही कळत. ढगाळ दिवशी पाणी काळं दिसतं, उन्हात हिरवं दिसतं, आणि पैसे खर्च केले की स्वच्छ दिसतं. बशी खोटं बोलत नाही. वेळ मात्र तीच ठेवा. मी साडेआठला, सावलीत मोजते.

१२ फेब्रुवारी, १४ सेंमी. पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखं. काचेच्या ग्लासात धरलं तर तरंगणारं काही वेगळं दिसत नाही, पाण्यालाच हिरवा रंग चढलेला. हे एकपेशीय शेवाळ. केसांसारखं, दोऱ्यासारखं वाढतं ते वेगळं. दोघांचे उपाय वेगळे आहेत आणि सुरुवातीला माझी इथेच गफलत झाली होती.

२ मार्च, १७ सेंमी. एका मैत्रिणीने तिचा ११ वॅटचा यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा वापरायला दिला. पंपाच्या वाटेत जोडला. नऊ दिवसांत ३८ वर आलो! घरात सगळ्यांना बोलावून बशी दाखवली. २० मार्चला दिवा परत केला आणि ३ एप्रिलला आकडा पुन्हा १७. यूव्ही तरंगत्या पेशी मारतो, पण त्या ज्यावर जगत होत्या ते पाण्यातच राहतं. दिवा बंद झाला की नव्या पेशींना पान वाढलेलंच असतं. दोऱ्याच्या शेवाळाला तर दिव्याचा काहीच त्रास नाही, कारण ते दिव्यापर्यंत जातच नाही.

१७ ते १९ एप्रिल. हे लिहायला जड जातंय.

दुकानातून शेवाळ मारायची बाटली आणली. झाकणाने मोजून संध्याकाळी टाकली. दुसऱ्या दिवशी पाण्याचा हिरवा रंग जाऊन मातकट, दुधाळ झाला, तेव्हा मी खूश झाले. विजेचं बिल वाचवायला पंप रात्री बंद ठेवायची तेव्हा माझी सवय होती. १९ तारखेला पहाटे साडेपाचला सासरे (मी त्यांना बाबा म्हणते) दूध घ्यायला उठले आणि त्यांनी हाक मारली. सगळे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून पाण्याच्या कडेला ओळीने. दोन गोल्डफिश आडवे. पंप सुरू केला, बाबा मगाने पाणी उंचावरून ओतत राहिले, मी टाकीच्या पाण्यात हायपोचे (क्लोरीन घालवणारे) खडे विरघळवून निम्मं पाणी बदललं. बाकीचे नऊ वाचले. गोगलगायी एकही वाचली नाही.

उजाडल्यावर बाबांनी बाटली उन्हात धरली. "अगं, हे मोरचूदच आहे. तासगावला पस्तीस वर्षं द्राक्षावर बोर्डो मारलंय मी. हा निळा रंग मी ओळखणार नाही होय?"

"बाबा, आणली तेव्हाच तुम्हाला दाखवायला हवी होती."

"आता मेलेलं शेवाळ काढ आधी. ते कुजतंय खाली."

नेमकं तेच झालं होतं. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, बोर्डो हे त्यातूनच करतात. त्यातलं तांबं शेवाळ मारतं आणि गोगलगायींनाही मारतं. त्याहून मोठा घात नंतर होतो: मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं. रात्री प्रकाशसंश्लेषण नसतं, त्यामुळे पहाटे प्राणवायू सगळ्यात कमी; त्यात एप्रिलचं कोमट पाणी मुळातच प्राणवायू कमी धरतं. पंप बंद. पाण्याचा जडपणा (त्यातले क्षार), मासे, तापमान न बघता कुणी मोरचूद टाकू नका, आणि बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. आता पंप चोवीस तास चालतो. ३५ वॅट म्हणजे दिवसाला ०.८४ युनिट, महिन्याला पंचवीस. दोन माशांपेक्षा स्वस्त.

२६ एप्रिल. त्या आठवड्यात पहिल्यांदा मी शेवाळ सोडून तळ्यात काय काय पडतंय ते मोजायला बसले. तिथून सगळं बदललं.

माशांचं खाद्य. सकाळी मी, दुपारी शाळेतून आल्यावर मुलगा, संध्याकाळी बाबा, प्रत्येकजण "एवढंसंच" टाकत होतो. तिघांची चिमूट स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजली तर दिवसाला १८ ग्रॅम! महिन्याला ५४० ग्रॅम. माशांच्या खाद्यात ढोबळमानाने एक टक्का फॉस्फरस असतो, म्हणजे महिन्याला ५.४ ग्रॅम. ३,४०० लिटरमध्ये तो वाटला तर लिटरला सुमारे १.६ मिलिग्रॅम. तलावात लिटरला ०.०३ मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस गेला की शेवाळाचा त्रास सुरू होतो असं धरतात. मी दर महिन्याला त्याच्या पन्नास पट ओतत होते. यातला काही भाग माशांच्या अंगी लागतो, काही गाळात बसतो, हे खरं. तरी आकडा बघून मी काटा दुसऱ्यांदा तपासला.

फॉस्फरसवर एवढा भर का, तर कॅनडातल्या एका प्रयोगामुळे. १९७३ साली ऑंटारिओतल्या २२६ क्रमांकाच्या तळ्याला मधोमध पडदा लावून दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातलं, दुसऱ्यात त्याबरोबर फॉस्फरसही. फॉस्फरसवाला भाग हिरवागार झाला, दुसरा होता तसाच राहिला. विमानातून काढलेला तो फोटो शोधून बघा, पडद्याच्या दोन बाजू दोन वेगळ्या तळ्यांसारख्या दिसतात.

दुसरी वाट लिलीच्या कुंड्यांतून होती. नर्सरीत सांगितलं म्हणून मी खाली भरपूर शेणखत घातलं होतं. ते दोन वर्षं पाण्यात झिरपत होतं. तिसरी वाट सोनमोहर: एप्रिल-मेमध्ये सकाळी तळ्यावर पिवळ्या पाकळ्यांचा थर, दिसायला इतका सुंदर की उचलावासा वाटत नाही. तीन दिवसांत तो तपकिरी होऊन खाली बसतो. चौथी, टॉप-अप. उन्हाळ्यात आठवड्याला चार बोटं पाणी उडतं आणि मी बोअरचं भरत होते. नायट्रेटच्या (हेही शेवाळाचं खाद्य) किटवर त्या पाण्याचा रंग ४० च्या, म्हणजे लिटरला ४० मिलिग्रॅमच्या, खुणेशी जुळला.

मे महिना सगळा मातीकामात गेला. खाद्य आता एक दिवसाआड चार ग्रॅम, फक्त मी टाकते, आणि दोन मिनिटांत जे संपत नाही ते जाळीने काढते. मासे उपाशी नाहीत. दिवसभर कागदावरचं मऊ हिरवं खरवडत असतात. ते भिंतीवरचं बोटभर लुसलुशीत शेवाळ मी कधीच घासत नाही, तेही पाण्यातलं खाद्य ओढतं. कुंड्यांतून शेणखत काढून साधी चिकणमाती आणि वर खडी. गाळ एका दिवसात सगळा काढला नाही. आठवड्याला एक तृतीयांश, पाइपने ओढून. एकूण सहा बादल्या, काळा, कुजक्या अंड्याचा वास. जास्वंदीला घातला, तिने जूनमध्ये सांगितलं काय वाटलं ते.

मग कर्दळ. तीन फूट बाय दोन फुटांचा प्लॅस्टिकचा टब, त्यात २० एमएम खडी, पंपाचं पाणी टबाच्या तळाशी सोडायचं, खडीतून वर येऊन ते कडेवरून तळ्यात सांडतं. कर्दळीचे कंद मुळांची माती पूर्ण धुऊन त्यात लावले, कडेने वेखंड आणि ब्राह्मी. खडीवर जिवाणूंचा थर बसायला चारेक आठवडे लागतात. तो अमोनियाचं नायट्रेट करतो आणि कर्दळ ते उचलते. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने तो थर मरतो. तळ्याचंच पाणी बादलीत घेऊन पिळायचा.

एका मित्राने नदीतली जलपर्णी आणून टाकायला सांगितलं. पाण्यातलं खत शोषायला तिच्यासारखं दुसरं काही नाही हे मान्य. पण मुळा-मुठेचं, पाषाणचं, कात्रजच्या तलावाचं तिने काय केलंय ते आपण दरवर्षी बघतो. तिचा एक तुकडा पावसात गटारात गेला तरी पुरतो. मी आणली नाही आणि आणणार नाही.

३० मे, २९ सेंमी. औषधाशिवाय.

११ जून, २१ सेंमी. पहिल्या जोरदार पावसात बागेतलं गांडूळखत वाहून थेट तळ्यात आलं. दुसऱ्या दिवशी काठाला चार इंच विटांचा थर रचला. हे उन्हाळ्यातच करायला हवं होतं.

१४ जुलै, ५२ सेंमी. ढगांचा वाटा यात मोठा आहे, म्हणून या आकड्याचं श्रेय मी एकट्या कर्दळीला देत नाही. लिलीच्या पानांनी निम्मं पाणी झाकलंय, तेही.

९ ऑगस्ट, तळ दिसतोय, आणि तळावर केस! पाणी निवळलं की ऊन खाली पोचतं आणि दोऱ्याचं शेवाळ उठतं. घाबरले नाही यावेळी. खराट्याची दांडी पाण्यात फिरवली की ते सुतासारखं गुंडाळून येतं. बोटांत धरलं तर निसरडं, लांब, न तुटणारं. ओंजळ पिळली की हिरवं पाणी गळतं आणि हातात ओल्या लोकरीसारखा गोळा उरतो. पिळून वजन केलं, पहिल्या दिवशी सव्वा किलो. गोळा तासभर काठावरच ठेवायचा. त्यातून चतुराच्या अळ्या आणि गप्पीची पिल्लं स्वतःहून पाण्याकडे सरकतात. राहिलेली मी चमच्याने सोडते. मग तो गोळा कंपोस्टमध्ये. काढलेला प्रत्येक गोळा म्हणजे पाण्यातून बाहेर गेलेलं खत. एक काळजी मात्र घ्या: काठीला दोरे न येता ऑइलपेंटसारखा निळसर-हिरवा तवंग लागला आणि उग्र वास आला, तर ते वेगळं प्रकरण आहे: निळं-हिरवं शेवाळ (सायनोबॅक्टेरिया), ते विषारी असू शकतं. त्यात हात घालू नका, कुत्र्याला पाणी पिऊ देऊ नका.

सप्टेंबरात आतापर्यंत तीनदाच दांडी फिरवावी लागली. कर्दळ साडेचार फूट. बाहेरची तीन-तीन पानं दर पंधरवड्याला कापते.

पुढची नोंद १५ ऑक्टोबरला. तेव्हा आकाश मोकळं असेल आणि दुपारचं ऊन पुन्हा पाण्यावर. बशी ५० च्या खाली गेली तर दुसरा टब लावायचा. त्याची खडी बाबांनी कालच धुऊन पोत्यात भरून ठेवली आहे.