लॅपटॉपला बाहेरून ग्राफिक्स कार्ड: माझा अनुभव

घरांच्या आतल्या सजावटीची थ्रीडी चित्रं करून देणं हे माझं काम. २०२३ च्या मे महिन्यात नागपूरच्या मनीषनगरातल्या एका फ्लॅटचं किचन ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडरला (म्हणजे पक्कं चित्र तयार करायला) लावलं, तर माझा २०१९ चा लॅपटॉप एका फ्रेमला, म्हणजे एका चित्राला, ४० मिनिटं घेत होता. त्यात एमएक्स २५० हे ग्राफिक्स कार्ड होतं, पण नावापुरतं, २ जीबी मेमरीचं. मार्बलची टेक्स्चर्स टाकली की मेमरी संपली म्हणून हात वर करायचं. नवा गेमिंग लॅपटॉप लाखाच्या घरात. मग डोक्यात किडा शिरला: लॅपटॉप आहे तोच ठेवू, कार्ड तेवढं बाहेरून जोडू.

वेळ तशी बरी होती. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टोकरन्सीचं मायनिंग (कार्डांवर आकडेमोड करून नाणी कमावणं) बंद पडलं आणि वापरलेली कार्डं बाजारात आली. बर्डीतल्या एका दुकानात १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० कार्ड सापडलं. "भाऊ, मायनिंगचं आहे का, ते मले इचारू नका," दुकानदार म्हणाला. "इथंच लावून पाहून घ्या."

बाहेरून कार्ड जोडायचा सरळ रस्ता थंडरबोल्ट या वेगवान पोर्टचा. पण २०१६ मध्ये आलेला, कार्ड आत बसवायचा रेझर कोर हा नुसता डबा ४९९ डॉलरचा होता, कार्ड वेगळं. शिवाय थंडरबोल्ट ३ चं पोर्ट असायचं ते बहुतेक महागड्या, इंटेलवाल्या लॅपटॉपांना. ज्याच्याकडे तसा लॅपटॉप आणि वर डब्याचे पैसे, तो सरळ गेमिंग लॅपटॉपच घेईल की! ज्याला गरज, त्याच्याकडे पोर्ट नाही. त्याआधी २००८ मध्ये एएमडीने बाहेरून कार्ड जोडायला एक्सजीपी आणलं, तर त्याची केबल वेगळी. एलियनवेअरचा डबा फक्त एलियनवेअरच्या लॅपटॉपांनाच लागायचा. ॲपलने २०१८ मध्ये अधिकृतपणे सोय दिली आणि २०२० च्या एम१ चिपवाल्या मॅकमध्ये काढूनही टाकली. अशा धरसोडीत कोण पैसे घालणार?

मी तरी घातले. पोर्ट नव्हतं, म्हणून लॅपटॉपच्या आतला एम.२ स्लॉट (एसएसडी खोचायची जागा) वापरणारा डॉक, म्हणजे कार्ड बसवायचा जोड-बोर्ड, मागवला. त्या स्लॉटमध्ये माझी एसएसडी बसलेली. ती काढायची, विंडोज दुसऱ्या साटा एसएसडीवर हलवायचं, आणि रिकाम्या स्लॉटमध्ये डॉकची पट्टी खोचायची. पट्टीची चपटी केबल बाहेर काढायची तर खालचं झाकण बसत नाही. कार्डाला वेगळा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. आधी तो चालू करायचा, मग लॅपटॉप.

पहिल्या दिवशी डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि कोड १२. अशा कार्डाला मेमरीच्या पत्त्यांची बरीच जागा लागते, आणि माझ्या लॅपटॉपच्या बायोसने (लॅपटॉप सुरू करणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरने) ती राखलेलीच नव्हती. बाहेरून कार्ड जोडेल कुणी, हे बनवणाऱ्याच्या गावीही नसणार. दोन रात्री गेल्या. शेवटी आतलं एमएक्स २५० डिसेबल केलं, रीस्टार्ट मारला, आणि कार्ड जागं झालं.

किचनची तीच फ्रेम: ३ मिनिटं १० सेकंद. मी खुर्चीवरून उठून टाळी वाजवली.

गेमची गोष्ट वेगळी. भाचा आला, त्याने लॅपटॉपच्याच स्क्रीनवर गेम लावला, तर मधेच अडखळायचा. डेस्कटॉपमध्ये कार्डाला पीसीआय एक्सप्रेसच्या १६ लेन (डेटा जायच्या वाटा) मिळतात, माझ्या पट्टीला ४. त्यात तयार झालेलं चित्र लॅपटॉपच्या स्क्रीनवर दाखवायचं तर त्याच केबलने परत यावं लागतं. कार्डाला थेट मॉनिटर जोडला तेव्हा बरंच सुधारलं. म्हणजे आता टेबलावर मॉनिटर, एसएमपीएस, उघडं कार्ड आणि उताणा नाही तर उंच ठोकळ्यांवर ठेवलेला लॅपटॉप.

आणि खिडकीत कुलर. मे महिन्यात नागपुरात कुलरशिवाय माणूस बसू शकत नाही, आणि नवीन टट्ट्या (पाण्याने भिजणाऱ्या बाजूच्या जाळ्या) लावलेला कुलर वाऱ्याबरोबर पाण्याचे बारीक थेंब फेकतो. आई दारातून म्हणाली, "हे उघडं-नागडं काय मांडून ठेवलंस रे? करंट लागंल न एखाद्या दिवशी!" कुलर फिरवला तर मला घाम, नाही फिरवला तर कार्डाची काळजी. शेवटी बुटांचा खोका आडवा लावून भिंत केली.

कंबर मोडली ती क्लायंटने. साइटवर लॅपटॉप घेऊन या म्हणाले. चालू असताना केबल उपटता येत नाही. बंद करा, पट्टी काढा, झाकणाचे सात स्क्रू लावा, एमएक्स परत एनेबल करा. घरी आल्यावर सगळं उलट. तिसऱ्या खेपेला स्क्रू सहाच उरले.

एका संध्याकाळी टेबलाकडे नीट पाहिलं. कार्ड आहे, एसएमपीएस आहे, मॉनिटर आहे, कीबोर्ड-माउस आहे. अर्धा डेस्कटॉप तर मी आधीच विकत घेऊन ठेवला होता! जून लागता लागता त्याच बर्डीच्या दुकानातून बोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि कॅबिनेट आणलं. डॉक परत घ्याल का विचारलं, तर दुकानदाराने तो उलटासुलटा करून पाहिला आणि परत माझ्या हातात दिला.

नव्या मशीनवर पहिल्यांदा तेच किचन लावलं. ३ मिनिटं ४ सेकंद. रेंडरला सीन एकदा कार्डात चढला की पुढचं काम आतल्या आतच चालतं, त्यामुळे त्या बिचाऱ्या केबलने माझे सहाच सेकंद खाल्ले होते.