सोळावं पोरगं

मावशीचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "पोर जेवनी का?" आणि दुसरा, "वजन कितलं?" बाकीच्यांच्या मावश्या तब्येत विचारतात, माझी किलो-ग्रॅममध्ये विचारते. पारोळा तालुक्यातल्या एका गावात ती अंगणवाडी सेविका आहे, निवृत्तीला चार-पाच वर्षं उरलीत, आणि माझी लेक म्हणजे तिच्या लेखी रजिस्टरात नाव नसलेली एक लाभार्थी.

कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या श्रावणातल्या देवीच्या, विसर्जनाच्या दिवशी तिचा फोन आला. मागे डफ वाजत होता, रोटांचा प्रसाद संपवायची गडबड चालली होती. एरवी मी रोटांच्या नुसत्या आठवणीनेच रडकुंडीला येते, पण त्या दिवशी डोक्यात आमच्या इथल्या, म्हणजे इंग्लंडातल्या, शाळेचा विषय इतका भरला होता की तिला धड नमस्कारही न करता मी तोच सुरू केला.

झालं होतं असं. आमच्या घरापासून सात मिनिटांवर प्राथमिक शाळा आहे. इंग्लंडात मुलं कमी जन्माला येतायत, त्यामुळे जिथे लहान्यांच्या दोन तुकड्या भरायच्या तिथे आता एकच भरते आणि एक खोली रिकामी पडली. (आपल्याकडेही झेडपीच्या शाळांच्या खोल्या रिकाम्या पडतात, पण त्या पोरं पिवळ्या गाडीत बसून इंग्लिश मिडीयमला गेल्यामुळे. त्यावर लिहिलं तर माहेरचे अर्धे लोक माझ्याशी बोलायचे बंद होतील, म्हणून राहू दे.) इथल्या सरकारने 2024मध्ये जाहीर केलं होतं की अशा रिकाम्या वर्गांमध्ये नर्सरी काढायच्या, एकूण 3,000. पहिल्या फेरीत 300 शाळा आणि प्रत्येकीला दीड लाख पौंडांपर्यंत पैसे. त्यात आमच्या शाळेचा नंबर लागला. आतापर्यंत तिथे तीन वर्षांपासूनची मुलं घ्यायचे, आता दोन वर्षांचीही घेणार. माझी लेक जुलैत दोनची झाली. मी काय आनंदले असेन, सांगायला नको.

मे महिन्यात पालकांना पत्र आलं, तुमचं मत कळवा म्हणून. मग एका संध्याकाळी बैठक. मुख्याध्यापिकाबाईंनी भाषण वगैरे केलं नाही, चहा-बिस्किटं झाल्यावर आम्हा वीस-बावीस जणांना थेट त्या रिकाम्या खोलीत नेलं. जमिनीवर निळी चिकटपट्टी मारलेली होती. सरळ चौकोनही नाही, कपाटाशी आत वळलेली, हात धुवायच्या मोरीला वळसा घालून गेलेली, दारासमोर येण्याजाण्याची वाट सोडलेली. पट्टीच्या आतली ती मुलांची जागा, बाहेरची हिशेबात नाही.

इथला नियम असा की दोन वर्षांच्या मुलाला आतली मोकळी जागा अडीच चौरस मीटर मिळायला हवी. दोनच्या आतल्याला साडेतीन. तीनच्या पुढे गेलं की 2.3. कपाट, संडास, स्वयंपाकघर, सांभाळणाऱ्या बायांची बसायची जागा यातलं काहीही त्यात धरायचं नाही. निळ्या पट्टीच्या आत 41 चौरस मीटर भरले. भागिले अडीच, म्हणजे सोळा मुलं.

एका बाबाने विचारलं, खिडकीखालचा तो लाकडी कट्टा धरलाय का? बाईंनी वाकून बोटाने दाखवलं, पट्टी कट्ट्याच्या अलीकडून गेली होती. तो माणूस मान हलवून "बरं" म्हणाला.

आणि मला तिथे, भर बैठकीत, भरून आलं. चिकटपट्टी बघून रडणारी बाई त्या शाळेने पहिल्यांदाच बघितली असणार. पण मी मावशीच्याच अंगणवाडीत वाढले आहे. तेव्हा ती मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात भरायची. आम्ही गोणपाटावर मांडीला मांडी लावून बसायचो, आणि दारात नवीन पोर आलं की मावशी फक्त एक शब्द बोलायची, "सरका." तीच तिची विस्तार योजना. आम्ही सरकायचो आणि पोर बसायचं. थंडीत ते बरंही वाटायचं. मी किती जागा खाते हे कोणी मोजलं नव्हतं, आणि इथे माझ्या लेकीने अजून पाऊलही न टाकलेल्या खोलीत कोणीतरी गुडघ्यांवर बसून तिच्या वाटची जमीन कापून ठेवली होती. याचं मला इतकं कौतुक वाटलं की घरी येऊन मी हॉलमध्ये टेप घेऊन अडीच चौरस मीटर मोजले. सोफा आणि कपडे वाळत घालायचा स्टँड यांच्यामध्ये जेमतेम दीड निघाले.

पण बाईंचं बोलणं तिथे संपलं नव्हतं. जागा सोळांची असली तरी मुलं पंधराच घेणार, त्या म्हणाल्या. दोन वर्षांच्या पाच मुलांमागे एक मोठं माणूस हवं. पूर्वी चारांमागे एक होतं, सप्टेंबर 2023पासून पाचांमागे एक केलं आणि तेवढ्यावरून इथे पुष्कळ लोक चिडले होते. पंधरांना तीन बाया पुरतात. सोळाव्यासाठी चौथी लागणार, आणि तिचा पगार एका मुलाच्या पैशात निघत नाही. म्हणून पंधरा.

सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली.

हे सगळं मी मावशीला कौतुकाने सांगत होते, आणि ती मध्येच म्हणाली, "मंग सोळावा पोऱ्या कोठे बशी?"

मी म्हटलं, "अगं, तो बसणार नाही. त्याला प्रतीक्षा यादीवर ठेवतात."

"जागा शे ना पण?"

जागा आहे. अडीच चौरस मीटर, निळ्या पट्टीच्या आत, मोजून ठेवलेली. ती रिकामीच राहणार. मावशीला हे काही केल्या पटेना. तिला वाटलं मी ऐकण्यात चूक केली. मी तिला पगार, फी, पाचास एक, सगळं पुन्हा सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली की तिच्याकडे चौतीस नावं आहेत, एक ती आणि एक मदतनीस, आणि त्यातही मदतनीस खिचडी बघते.

तर मी इकडे असताना आपल्याकडची बाजू घेते आणि आपल्याकडच्यांशी बोलताना इकडची, हे माझ्या लक्षात आलंय. ऑफिसात एकीने कॉफी घेताना सहज विचारलं, "तुमच्याकडे नर्सरी असते का?" तिला बिचारीला हो किंवा नाही एवढंच हवं होतं. मी तिला 2 ऑक्टोबर 1975पासून सुरू केलं. 2025च्या गांधी जयंतीला अंगणवाडीला पन्नास वर्षं पूर्ण, चारशे ते आठशे वस्तीमागे एक अंगणवाडी, आदिवासी भागात तीनशेलाही मिळते, त्याहून लहान पाड्याला मिनी अंगणवाडी, जेवण तिथेच, वजन तिथेच, लसीकरण तिथेच, गरोदर बायांची नोंद तिथेच, आणि आईबाप कमावतात किती हे कोणी विचारत नाही. वर नंदुरबारची ती सेविकाताईही सांगितली, जी 2020 साली नर्मदेच्या पाण्यातून रोज होडी वल्हवत पाड्यांवरच्या पोरांपर्यंत पोचायची. कॉफी गार झाली. मानधनाचं मी बोलले नाही. डिसेंबर 2023मध्ये राज्यभरच्या ताया संपावर बसल्या होत्या, त्यात आमची मावशीही जळगावला मोर्चात गेली होती, तेही बोलले नाही. परक्यांपुढे घरातलं किती काढायचं?

इकडचेही काही कमी नाहीत म्हणा. शाळेला नव्या खोलीबाहेर छप्पर आणि वेगळं फाटक करायचं होतं, त्यासाठी परवानगी लागते, म्हणून विजेच्या खांबाला नोटीस बांधली. हरकतींना एकवीस दिवस. आमच्या गल्लीतून ज्या हरकती गेल्या त्या मी एका रात्री जागून वाचल्या. सकाळी पावणेनऊला गाड्या उभ्या राहतील. फाटकाचा कडकट्ट आवाज होईल. एका आजोबांनी दोन पानं लिहिलं होतं की दोन वर्षांची मुलं रडतात. ऐंशी वर्षं जगून ही बातमी त्यांना खांबावरून कळली. पण गंमत अशी की त्यांच्या दोन पानांनाही नगरपालिकेने मुद्देसूद उत्तर दिलं आणि छप्पर एक मीटर मागे घेतलं. या भानगडीत सप्टेंबर हुकला. आता खोली जानेवारीत उघडेल.

आता खरं दुखणं. ते मी मावशीला सांगितलंच नाही, इथे लिहिते.

सप्टेंबर 2025पासून इंग्लंडात नऊ महिन्यांच्या पुढच्या मुलांना आठवड्याला तीस तास मोफत आहेत, वर्षाचे अडतीस आठवडे, आईबाप दोघं कमावते असतील तर. नवी खोली त्यासाठीच काढलीय. आम्ही दोघं कमावतो. अर्ज भरत गेले, पगार, जन्मतारीख, पत्ता, सगळं बरोबर, आणि मग तो प्रश्न आला, की तुम्हा दोघांपैकी एकाला तरी सरकारी मदत घ्यायची मुभा आहे का? आमच्या व्हिसावर ती नाही. दोघांच्याही. म्हणजे पंधरातली एक जागा लेकीला मिळू शकते, पण पूर्ण पैसे देऊन. आता जिथे जाते तिथे दिवसाचे 72 पौंड पडतात, आठवड्याला तीन दिवस. तीन वर्षांची झाली की पुढच्या सप्टेंबरपासून पंधरा तास मिळतील, ते सगळ्यांनाच मिळतात, व्हिसा कुठलाही असो.

कर आम्ही इतरांएवढाच भरतो. व्हिसा घेताना आरोग्याचा अधिभार माणशी वर्षाला 1,035 पौंड वेगळा, पोरीचे 776. व्हिसा घेताना ही अट वाचूनच सही केली होती, त्यामुळे फसवलं असं म्हणता येत नाही. ज्याच्या घरात राहायचं त्याचे नियम. नवरा हेच म्हणतो आणि वर "एवढं लावून घेऊ नको" असंही म्हणतो, तेव्हा मात्र मला राग येतो. कारण तीच निळी पट्टी, ज्यात खिडकीखालचा कट्टासुद्धा चुकून धरला गेला नाही, तिच्या आत माझी लेक बसेल तेव्हा तिचे अडीच चौरस मीटर शेजारच्या पोराएवढेच असतील. ती पट्टी पासपोर्ट बघत नाही. बिल बघतं.

आणि हो, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी आलो होतो तेव्हा सासूबाई ओट्यावर बिबडे वाळत घालता घालता म्हणाल्याच होत्या, "ठेवून जा इथं वर्षभर. आम्ही काय मेलो का?" इथल्या आमच्या ओळखीत दोघींनी ठेवलीत मुलं, एक नागपूरला, एक पुण्याला. पैसे वाचतात, मूल मराठी बोलतं, आजी-आजोबांना घर भरल्यासारखं वाटतं. मी नाही ठेवली. का, ते सहा जणांना सहा प्रकारे सांगून झालं. ऊन फार आहे. तिला दुधाची अ‍ॅलर्जी आहे (किंचित आहे). लसीकरणाचं वेळापत्रक इकडचं वेगळं. खरं कारण एवढंच की मला संध्याकाळी साडेपाचला तिच्या आताच्या नर्सरीच्या फाटकाशी उभं राहायचं असतं, आणि ती माझ्याकडे एक बूट घालून, एक हातात घेऊन पळत येते. त्याचे 72 पौंड मी देते. आता म्हणा काय म्हणायचं ते.

मावशीने मात्र तो विषय सोडला नाही. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर तिचा निरोप आला. देवळातून अंगणवाडी कधीच हलली, आता समाजमंदिराच्या बाजूच्या खोलीत भरते. पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर माहिती भरून, शिध्यासाठी आलेल्या बायांचे चेहरे मोबाइलला पटवून झाल्यावर तिने मदतनिसाला शिंप्याकडून टेप आणायला लावला होता. दहा फूट बाय पंधरा फूट. खाली लिहिलं होतं, तुमना हिशोबमा कितला पोरं बसतीन?

दीडशे चौरस फूट म्हणजे 13.9 चौरस मीटर. तिची मुलं तीनच्या पुढची, म्हणजे माणशी 2.3. कपाट आणि खिचडीचं पातेलं न वजा करता सहा. मी दोनदा करून पाहिलं, मग लाजत लाजत फोन केला.

"मावशी, सहा."

पलीकडे नेहमीचा गलका होता, कोणीतरी कोणाचीतरी पाटी ओढत होतं. ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तितला तं मन्हा दारमाच उभा ऱ्हातस."

मी हसले, तीही हसली. मागून एक पोर रडायला लागलं, तिने फोन कानाशी तसाच धरून ओरडून कोणाला तरी "सरका रे" म्हटलं. मग परत माझ्याकडे वळली.

"ते जाऊ दे. वजन कितलं पोरनं?"

"अकरा किलो दोनशे."

"मागला महिनामा अकराच व्हतं," ती म्हणाली, आणि लिहून घेतल्याचा आवाज आला.