पोरं बेकार का बसलीत? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो

पुण्यात नव्या पेठेजवळ स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या पोरांसाठी माझी अभ्यासिका आहे, आणि हे कळलं की लग्नात, बँकेत, गावच्या जत्रेत, कुठंही माणूस हाच प्रश्न टाकतो: एवढी शिकलेली पोरं बेकार आहेत, सरकारने करावं तरी काय? विचारणाऱ्याकडं उत्तर तयारच असतं, कारखाने आणा नाहीतर सगळ्या रिकाम्या जागा भरा. बरोबर आहे, कोण नाही म्हणतंय. पण माझं उत्तर ऐकून लोकांची तोंडं वाकडी होतात. मी म्हणतो, सरकारने आधी पोरांना लवकर 'नाही' सांगायला शिकावं.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 2024 चा भारतातल्या रोजगारावरचा अहवाल आहे, त्यात 2022 चा आकडा असा की पदवीधर तरुणांत बेकारी 29.1 टक्के आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत 3.4 टक्के. लगेच लोक म्हणतात, बघा, शिकून काय उपयोग. अहो, ज्याच्या घरात काहीच नाही तो बेकार राहूच शकत नाही, तो ऊसतोडीला जातो, वीटभट्टीवर जातो, मिळेल ते करतो. बेकार बसायलासुद्धा मागं कुणीतरी लागतं. माझ्याकडची पोरं बसू शकतात कारण परभणीत नाहीतर बुलढाण्यात बाप सोयाबीन विकून दर महिन्याला आठ-दहा हजार जीपेवर टाकतोय.

आणि ती बसलीत कशासाठी? 2023 ची तलाठी भरती बघा. साडेचार हजारांच्या आसपास जागा, अर्ज दहा लाखांच्या वर, फी खुल्या प्रवर्गाला 1000 आणि राखीवला 900 रुपये, सरकारकडं किती जमले याचा हिशोब तुम्हीच करा. 2024 च्या पोलीस भरतीत 17,471 जागांना सतरा लाखांवर अर्ज, त्यात इंजिनिअर, एमबीए सगळे. म्हणजे शंभरातली नव्व्याण्णव पोरं घरी परत जाणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं असतं, फक्त कोणती नव्व्याण्णव हे कळायला वर्षं जातात.

पोरांना आळशी म्हणणाऱ्यांनी दुसरी बाजूही बघावी. माझ्याकडं मेकॅनिकलचा बी.ई. झालेला एक पोरगा होता, चांगला हुशार, तो कंटाळून चाकणला लागला, कंपनीत नाही, ठेकेदाराच्या रोलवर. बारा तासांची शिफ्ट, सहा-सात महिन्यांनी ब्रेक, मग परत नवीन जॉइनिंग, पगारातून पीएफ कापला जायचा पण खात्यावर काही दिसायचं नाही. गावाकडं स्थळ बघायला गेले की मुलीचे वडील एकच विचारणार, पर्मनंट आहे का? शेवटी परत आला आणि म्हणला, सर, तिकडं दहा वर्षं काढली तरी मी हेल्परच राहणार. आता यावर मी त्याला काय समजावणार? खाजगी नोकरीत पगार वेळेवर, पीएफ खरा आणि कागदावर कंपनीचं नाव, एवढं जरी लेबर ऑफिसने नीट बघितलं ना तरी सरकारी नोकरीची हाव निम्मी कमी होईल. पण सरकारने स्वतःच 6 सप्टेंबर 2023 ला नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी माणसं घ्यायचा जीआर काढला होता, बोंबाबोंब झाल्यावर ऑक्टोबरमध्ये मागं घेतला. सरकारच ठेकेदार शोधत फिरतंय म्हटल्यावर चाकणवाल्याला बोलणार कोण?

आता मूळ मुद्दा, थांबण्याचा. लोकांना वाटतं जागा रिकामी झाली की जाहिरात निघते. तसं नसतं. आधी त्या विभागाचा आकृतीबंध, म्हणजे कुठली पदं किती याचा आराखडा, मंजूर पाहिजे, बिंदुनामावली, म्हणजे कुठली जागा कुठल्या प्रवर्गाला याची यादी, तपासून पाहिजे, वित्त विभागाची मान्यता पाहिजे, मग मागणीपत्र एमपीएससीकडं, म्हणजे राज्याच्या लोकसेवा आयोगाकडं, जाणार, त्यात त्रुटी निघाली की परत विभागाकडं. मग जाहिरात, पूर्व, मुख्य, पीएसआयला (फौजदाराला) ग्राउंड म्हणजे शारीरिक चाचणी, मुलाखत, निकाल, त्यात कुणीतरी मॅटमध्ये (सरकारी नोकरीचे वाद ऐकणारं न्यायाधिकरण) नाहीतर हायकोर्टात गेलेलं असतंच, आणि हे सगळं पार पडलं तरी नियुक्तीपत्र हातात येईलच असं नाही. 2019 च्या राज्यसेवेतून शिफारस झालेले 413 जण आरक्षणाच्या कोर्टकेसमध्ये अडकून वर्षाहून जास्त थांबले, निकाल लागलेला, पेढे वाटून झालेले. मार्च 2021 मध्ये तर परीक्षा तीन दिवसांवर आलेली असताना पुढं ढकलली, तेव्हा शास्त्री रोडवर पोरं बसली होती ते तुम्ही टीव्हीवर बघितलं असेलच.

फाट्यावर उभ्या माणसाला एसटी येणारच नाही हे एकदा कळलं की तो वडापमध्ये बसून निघून जातो, पण 'येईल, येईल' म्हणत राहिलं की तो दिवसभर तिथंच. तमिळनाडूत 2001 ते 2006 मध्ये बहुतेक सरकारी भरती गोठवलेली होती, त्यावर कुणाल मंगल या अर्थतज्ज्ञाने अभ्यास केलाय. तुम्हाला वाटेल भरतीच बंद म्हटल्यावर पोरं दुसऱ्या कामाला लागली असतील. उलट झालं, फाट्यावरच्या माणसासारखी 'येईल, येईल' म्हणत पदवीधर मुलं आणखी जास्त काळ बेकार राहून तयारी करत बसली आणि पुढं त्यांच्या कमाईलाही त्याचा फटका बसला.

म्हणून मी म्हणतो, मोठ्ठी मेगाभरती पाच वर्षांतून एकदा, निवडणुकीच्या तोंडावर, हे सगळ्यात वाईट. त्यापेक्षा दरवर्षी थोड्या जागा, ठरलेल्या तारखेला, आणि जाहिरातीपासून नियुक्तीपत्रापर्यंत एक वर्ष, त्याच्यावर नाही. आयबीपीएसची, म्हणजे बँक भरतीची, आणि एमपीएससीची परीक्षा एकाच दिवशी, 25 ऑगस्ट 2024 ला आली होती, मग आंदोलन, मग आयोगाने आपली पुढं ढकलली. ते कॅलेंडर आधी कुणी समोरासमोर ठेवून बघितलं असतं तर? याला पैसे लागत नाहीत हो.

योजनांचं विचाराल तर 'लाडका भाऊ' म्हणून 2024 मध्ये राज्याची कामाच्या प्रशिक्षणाची योजना आली ती, महिन्याला बारावीवाल्याला 6000, आयटीआय-डिप्लोमाला 8000, पदवीधराला 10,000. सहा महिन्यांची होती, पुढं अकरा महिने केली, बरीच पोरं सरकारी ऑफिसातच कामाला लावली आणि मुदत संपल्यावर तीच पोरं 'कायम करा' म्हणून आंदोलनाला बसली. रांग कमी करायला गेले आणि नवीन रांग लावली. केंद्राची 1 ऑगस्ट 2025 पासूनची रोजगार योजना मला त्या मानाने बरी वाटते, कारण त्यात पैसे पहिल्यांदा पीएफला लागलेल्या पोराला, सहा महिने टिकल्यावर, आणि मालकालाही माणूस रोलवर ठेवल्याबद्दल मिळतात. ठेकेदार लोक त्यातही वाट काढतील म्हणा.

आणि हे आता पोरांना अजिबात आवडत नाही ते. डिसेंबर 2020 मध्ये एमपीएससीने ॲटेम्प्टवर मर्यादा जाहीर केली होती, खुल्याला सहा, ओबीसीला नऊ, नंतर मागं घेतली. माझ्या मते मर्यादा पाहिजे. 38 व्या वर्षापर्यंत, राखीव असेल तर 43 पर्यंत, फॉर्म भरता येतो ही सवलत नाही, तो सापळा आहे. पोरं यावर भांडतात आणि त्यांचंही चुकत नाही, दोन वर्षांत एक जाहिरात काढायची आणि ॲटेम्प्ट मोजायचे हे कसं चालेल, आधी परीक्षा वेळेवर घेऊन दाखवा मग मोजा. तसं झालं तर नव्या पेठेतल्या निम्म्या अभ्यासिका बंद पडतील, माझीही पडेल कदाचित. ते मी बघून घेईन.