पुडीवरचे आकडे

फवारणी करणाऱ्या मजुरांच्या प्रशिक्षणात माझा एक पाठ ठरलेला असतो. कीटकनाशकाची पुडी हातात द्यायची आणि एका पंपात किती टाकणार ते करून दाखवायला सांगायचं. खरं औषध कधीच वापरत नाही. पुडीत मीठ, बाटलीत रंगीत पाणी. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीतून विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं दगावली. त्यानंतर मास्क आणि हातमोजे यांवर भरपूर बोललं गेलं, ते गरजेचंही होतं. माप आणि वाचन मात्र मागेच राहिलं.

केळापूर तालुक्यातल्या एका वर्गात कापसावरच्या तुडतुड्यांसाठीची फ्लोनिकॅमिड ५० डब्ल्यूजी या दाणेदार औषधाची पुडी दिली होती. पुडीसोबतच्या पत्रकावर मात्रा छापलेली: हेक्टरी १५० ग्रॅम, पाणी ५०० लिटर. दहावी पास झालेल्या एका मुलाने पत्रक घडाघडा वाचलं. चार्जिंगवरचा सोळा लिटरचा पंप, एकराला साडेबारा पंप, हे त्याला तोंडपाठ. त्याने १५० ला साडेबाराने भागलं आणि पंपाला बारा ग्रॅम मीठ मोजून ठेवलं. भागाकार बिनचूक, मात्रा अडीचपट! हेक्टर म्हणजे अडीच एकर हे त्याला विचारल्यावर सांगता आलं, पण वाचताना त्याच्या डोळ्यांपुढे एकरच होता. शेताचा व्यवहार, मजुरी, पिकाचा उतारा, सगळं एकरावर चालतं. हेक्टर फक्त सातबाऱ्यावर आणि पुडीवर.

मागच्या रांगेत पाणी भरणाऱ्या बायका बसल्या होत्या. प्रशिक्षणाच्या यादीत बहुधा पंप पाठीवर घेणाऱ्यांचीच नावं असतात. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी पाणी आणणं आणि औषध कालवणं हे बायकांचं काम, म्हणजे पाणी मिसळायच्या आधीचं तेज औषध त्यांच्या हाताला लागतं. त्यांतल्या एका कोलाम आदिवासी बाईंना विचारलं. घरी कोलामी बोलणाऱ्या, मराठी बाजारात आणि मजुरीवर शिकलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. त्या म्हणाल्या, "एक टिपाड, एक पुडी, एक एकर. अजून काय पायजे, भाऊ?"

टिपाड दोनशे लिटरचं, पुडी साठ ग्रॅमची. हेक्टरी १५० ग्रॅम आणि ५०० लिटर याचं एकरी रूप नेमकं तेच, ६० ग्रॅम आणि २०० लिटर. पंपाला ४.८ ग्रॅम येतात. वर्गातलं पहिलं बरोबर उत्तर त्यांचं होतं.

टाळ्या वाजल्या, पण मी पाठ तिथे थांबवला नाही, कारण हे उत्तर ती पुडी एकराची आहे तोवरच खरं. त्यांच्यासमोर दुसऱ्या औषधाची २५० मिलीची बाटली ठेवली. पत्रकावर हेक्टरी १००० मिली, पाणी ५०० लिटर. एकराला ४०० मिली, म्हणजे ही बाटली एकराला पुरत नाही आणि अर्ध्या एकराला उरते. बाईंचा हिशेब इथे अडला आणि सगळ्यांचे हात झाकणाकडे गेले. "पंपाला दोन झाकणं," असं एकजण म्हणाला. तीन बाटल्यांची झाकणं मागवून दहा मिलीच्या सिरिंजने पाणी भरून मोजली, तर एकात जेमतेम दहा मिली आणि दुसऱ्यात पंचवीस! पंपाला हवे होते ३२ मिली.

यात तिसरं मापही येतं. कृषी विभागाच्या शिफारशीत प्रमाण बहुतेक दहा लिटर पाण्याला दिलेलं असतं, आणि खाली पेट्रोल पंपासाठी, म्हणजे पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपासाठी, मात्रा तिप्पट करण्याची ओळ. पेट्रोल पंपाने एकराला पाणी कमी लागतं, म्हणून ती तिप्पट; एकरी औषध तेवढंच राहतं. तीच तिप्पट मात्रा साध्या पंपात टाकून एकरभर बारा पंप मारले, तर पिकावर आणि माणसावर तिप्पट विष पडतं.

दुपारी मी सगळं वाचन बाजूला ठेवून आकड्यांवर आलो. साक्षरता वर्गात अंकओळख मराठी आकड्यांपासून होते. पुडीवर, वजनकाट्यावर आणि मोबाइलवर मात्र इंग्रजी आकडे असतात, आणि मोबाइलमुळे ते न शिकलेल्यांनाही ओळखू येतात. म्हणून सुरुवात मोबाइलच्या बटणांवरून केली. मग पत्रकावर पीक आणि किडीची ओळ बोटाने शोधायची, त्या ओळीतला मात्रेचा आकडा आणि पाण्याचा आकडा काढायचा, पाण्याने मात्रेला भागायचं आणि सोळाने गुणायचं. भागाकार जमत नसेल त्याने घरातल्या शिकणाऱ्या पोराकडून एकदा करून घ्यावा आणि सिरिंजवर पक्क्या शाईच्या पेनाने रेघ मारावी. रेघेवर ओळखीचं चित्र काढलं की झालं. औषध बदललं की रेघ बदलायची, इथे मी सगळ्यांत जास्त वेळ देतो. दाणेदार औषधाला सिरिंज चालत नाही. त्याला सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा लागतो.

त्रिकोणांचंही असंच. पुडीवरच्या चौकटीचा खालचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. लाल सर्वांत जहाल, हिरवा सर्वांत सौम्य. हे अक्षर न येणाऱ्यांसाठी सोयीचं, पण वर्गात दोघांनी हिरव्याचा अर्थ 'पिकाला पोषक' असा सांगितला. चित्रही शिकवावंच लागतं. रंगावरून मात्रा कळत नाही, हेही त्याच वेळी सांगावं लागतं.

पत्रकातली एक ओळ मात्र मजुराने नाही वाचली तरी चालते: विषबाधेवर उतारा कोणता द्यायचा ती. ती डॉक्टरांसाठी असते. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या विषावर ॲट्रोपिन देतात, सगळ्या कीटकनाशकांवर ते चालत नाही. दोन-तीन औषधं एकत्र कालवली असतील तर नुसतं 'फवारणी करत होता' एवढ्याने दवाखान्यात काही कळत नाही. म्हणून टिपाडात जे जे पडलं त्या प्रत्येकाचं पत्रक प्लास्टिकच्या पिशवीत घालून बांधावर, पाण्याच्या कॅनजवळ ठेवायचं, आणि कुणाला मळमळ, घाम किंवा अंधारी आली तर माणसाबरोबर पिशवीही गाडीत घालायची. हे काम त्या वर्गात पाणी भरणाऱ्या बायकांकडे दिलं. टिपाडात काय काय गेलं हे त्यांनाच ठाऊक असतं.