जोडीनं येणारे इंग्लिश शब्द

बेळगावात टिळकवाडीत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे, एमए-पीएचडीवाल्यांचं टायपिंग, बाइंडिंग असलं काम, आणि गेली काही वर्षं बघतोय की इंग्लिश शब्द आता एकेकटे येतच नाहीत. लिव्ड एक्सपिरियन्स, सेफ स्पेस, क्रिटिकल थिंकिंग, हेट स्पीच. पहिला टाईप केला की दुसरा बोटंच मारून टाकतात, डोकं लावायचं कामच नाही.

याला इंग्लिशमध्ये कोलोकेशन म्हणतात. फर्थ म्हणून एक ब्रिटिश भाषातज्ज्ञ होता, त्यानं १९५७ ला लिहून ठेवलंय की शब्द ओळखायचा तर त्याची संगत बघा. आता हे सांगायला लंडनचा प्रोफेसर कशाला, ढवळ्याशेजारी पवळ्या आपल्याकडे कधीपासून बांधलेलाय. चहा कडक असतो, बळकट नसतो, का ते कुणी विचारत नाही.

पण कडक चहा पिऊन बघता येतो. या नव्या जोड्यांत पहिला शब्दच निकाल देऊन मोकळा होतो. 'फेक न्यूज' म्हटलं की बातमी वाचायची गरज संपली. कॉलिन्स डिक्शनरीनं २०१७ ला तो वर्षाचा शब्द केला, तोवर पुढारी लोक न आवडलेल्या कुठल्याही बातमीला तेच म्हणायला लागले होते. ऑक्सफर्डचा २०२४ चा 'ब्रेन रॉट', म्हणजे ऑनलाइन फालतू बघून डोकं सडणं, २०२५ चा 'रेज बेट', म्हणजे मुद्दाम चिडवायला टाकलेली पोस्ट. म्हणायचं वर्षाचा शब्द आणि द्यायचे दोन दोन!

मराठीत आणलं की या जोड्यांची मजा होते. एकदा एका मुलीचा पेपर वाचून दाखवत होतो, 'विद्यार्थिनींसाठी सुरक्षित जागा', तर आत बसलेली आई म्हणाली, कुठली जागा रे? एनए झालीया काय?

तीच मुलगी यंदा सीमाभागावर डेझर्टेशन घेऊन आली, इंग्लिशमधून. आता आमच्याच गोष्टीला बघा, मराठीत आपण म्हणतो सीमाप्रश्न, कन्नडमध्ये म्हणतात गडी विवाद. प्रश्न म्हटला की उत्तर यायचं बाकी आहे, विवाद म्हटला की दोघं भांडतायत, कुणीतरी गप्प बसलं की संपलं. हा सीमेचा वाद सोडवायला केंद्रानं महाजन आयोग १९६६ ला नेमला, पुढच्या वर्षी अहवाल आला, कर्नाटक म्हणतं तिथंच विषय संपला, महाराष्ट्रानं तो मानलाच नाही आणि २००४ ला सुप्रीम कोर्टात गेला. मला तर वाटतं अख्खं भांडण त्या दुसऱ्या शब्दातच आहे. आणि घटनेच्या ३५०अ मध्ये आम्ही कोण, तर 'लिंग्विस्टिक मायनॉरिटी'. घरात, गल्लीत, बाजारात दिवसभर मराठी बोलणाऱ्या माझ्या आईला हे अजून कळवलेलं नाही.

तर मुलीनं विचारलं, दादा, सीमाप्रश्नाला इंग्लिशमध्ये काय घालू? मी म्हटलं सरळ 'बॉर्डर क्वेश्चन' घाल की. घातलं. आठवड्यानं गाईडकडनं परत आलं, जिथं जिथं तो शब्द तिथं लाल गोल आणि बाजूला पेननं, बरोबर इंग्लिश 'बॉर्डर डिस्प्युट'. तिला म्हटलं मराठी नावच ठेव की, इटॅलिक करून देतो. ती म्हणाली नको, व्हायव्हा त्यांच्याच हातात आहे.

मग काय, फाइंड-रिप्लेस. एका क्लिकमध्ये सगळे प्रश्न विवाद झाले. पानं परत काढून दिली, पैसे फक्त कागदाचे घेतले.