लेकीचा ईईजी काढला नाही, त्याबद्दल

लेकीला तापात आकडी आली आणि आमच्या घरात सगळेच मेंदूचे डॉक्टर झाले. सासूबाईंचं म्हणणं, ताप डोक्यात गेला. ऐरोलीच्या जाऊबाई रोज फोनवर, "अगं, एकदा ईईजी काढून घे ना, जीवाला घोर नको." ईईजी म्हणजे डोक्याला तारा लावून काढलेला मेंदूचा आलेख.

कोपरखैरण्याच्या आमच्या डॉक्टरांनी मात्र आधी प्रश्नच विचारले. किती वेळ चालली? सगळं अंग आखडलं की एकच बाजू? चोवीस तासांत परत आली का? नंतर नेहमीसारखी खेळली का? आमची आकडी दोन-तीन मिनिटांची, सगळ्या अंगाची, एकदाच. ते म्हणाले, "मग ईईजी नको." सासूबाईंना पटलं नाही. तपासणी न लिहिणारा डॉक्टर त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा.

मला पटलं ते असं. ईईजीत दिसते ती त्या अर्ध्या-पाऊण तासातली मेंदूची विद्युत हालचाल. पुढे मिरगी होईल का, हे त्यावरून कळत नाही. आलेखात खोट दिसलेल्या कितीतरी मुलांना पुढे काहीच होत नाही, आणि आलेख स्वच्छ आला म्हणून हमी मिळत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2011 मध्ये हेच लिहिलंय: साधी तापाची आकडी आणि एरवी धडधाकट मूल, तर ईईजी करू नये. अशा शंभर मुलांतल्या एक-दोघांना पुढे मिरगी होते; इतर मुलांत हे प्रमाण साधारण एक टक्का. पंधरा मिनिटांहून लांबलेली, एकाच बाजूची किंवा त्याच दिवशी पुन्हा आलेली आकडी असेल तर धोका वाढतो, तिथे डॉक्टर वेगळा विचार करतात.

शिवाय ईईजीसाठी डोकं धुऊन, तेल न लावता, अर्धवट झोपेत उठवून न्यायचं. दीड वर्षाच्या पोरीला ठाणे-बेलापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये झोपू न देता कुणी नेऊन दाखवावं!

तापात आकडी पुन्हा येऊ शकते, तीनातल्या एका मुलाला येतेच. पॅरासिटामॉलनं ताप उतरतो, आकडी टळेलच असं नाही. म्हणून फ्रीजवर कागद लावलाय: कुशीवर वळवा, तोंडात चमचा-पाणी काही नको, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट हॉस्पिटल. चपलेच्या ओळीवर सासूबाई अजून नाराज आहेत.

ताप नसताना आकडी आली, तर मात्र जाऊबाईंच्या फोनआधी मीच तिचं डोकं धुवायला घेईन.